डॅक घेण्यापूर्वी डोळे मिटून ऐका

गेल्या पावसाळ्यात अकरावीतला एक विद्यार्थी प्रयोगशाळेत मला भेटायला आला. त्याच्या हातात वहीचा एक कागद होता. कागदावर दोन डॅकची नावे व त्यांच्या किमती लिहिलेल्या होत्या. एकाची किंमत १८,००० रुपये, दुसऱ्याची ३२,०००. त्यांच्याखाली एका प्रीॲम्पचे नाव होते, २५,००० रुपयांच्या.

"सर, यांतला कुठला डॅक घेऊ? शिष्यवृत्तीचे पैसे साठवलेत. थोडे बाबा देणार आहेत."

"घरी सध्या काय आहे?" मी विचारले.

"बाबांचा जुना ॲम्प्लिफायर आहे. आणि दोन स्पीकर. एकाचा कागदी कोन जरा फाटलाय."

"मग आधी कोन का नाही बदलत?"

"सर, सगळे म्हणतात, डॅक चांगला असला की आवाजावरचा पडदा दूर होतो."

हे 'सगळे' कोण, असे मी त्याला विचारले नाही. कारण काही वर्षांपूर्वी त्या सगळ्यांत मीही होतो. तो अनुभव व त्यावरून बनलेले माझे मत येथे मांडत आहे. ज्यांना घरी चांगले संगीत ऐकण्याची आवड आहे त्यांना ते उपयोगी पडेल. ज्यांना तशी आवड नाही त्यांनाही, प्रयोग कसा करावा आणि कसा करू नये, यासाठी ते वाचता येईल.

डॅक म्हणजे काय?

संगणकात किंवा मोबाइलमध्ये साठवलेले गाणे म्हणजे आकड्यांची लांबच लांब यादी असते. स्पीकरच्या कोनाला मात्र आकडे कळत नाहीत. त्याला सतत बदलणारा विद्युत्प्रवाह लागतो. आकड्यांचे अशा बदलत्या विभवांतरात रूपांतर करणाऱ्या मंडलाला अंक-सदृश रूपांतरक म्हणतात. बाजारात त्यालाच 'डॅक' म्हणतात. तुमच्या मोबाइलमध्ये, दूरचित्रवाणी संचात, संगणकात तो असतोच. वेगळ्या पेटीत घालून विकला जातो, तेव्हा त्याची किंमत हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत कितीही असू शकते.

१९८२ साली जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, विक्रीस आली. तिच्यासाठी ठरवलेले प्रमाण असे : दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनितरंगाची उंची मोजायची आणि प्रत्येक माप १६ बिटांच्या द्विमान संख्येत लिहायचे. १६ बिटांत २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळ्या उंची लिहिता येतात.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. तुटक तुटक मापांपासून बनवलेला तरंग जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा असणार, आणि म्हणून डिजिटल आवाज खडबडीत असणार, असे अनेकांना वाटते. जाहिरातींतली चित्रेही तशीच असतात. प्रत्यक्षात डॅकमधून बाहेर पडणारा तरंग गुळगुळीत असतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली या विषयाचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली त्याची सिद्धता मांडली. तरंगातील सर्वांत मोठ्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने मापे घेतली, तर त्या सर्व बिंदूंमधून जाणारा, त्या मर्यादेतला, एक आणि एकच तरंग असतो. दोन मापांच्या मध्ये काय घडले ते हरवत नाही. ते त्या मापांनीच ठरलेले असते. ४४,१०० ची निम्मी संख्या २२,०५०. माणसाचा निकोप तरुण कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्याची मर्यादा त्याहून बरीच खाली आलेली असते. म्हणजे या लेखाच्या वाचकांकडे लेखकापेक्षा चांगले उपकरण आहे.

एक अवघड प्रश्न, कधीच सुटलेला

बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स असणाऱ्यांनी 'आर-टू-आर' शिडीचा प्रयोग केलेला असतो. रोधकांची एक शिडी बनवायची. तिचे रोध दोनच प्रकारचे, एक दुसऱ्याच्या दुप्पट. प्रत्येक बिटाचा वाटा त्याच्या वरच्या बिटाच्या निम्मा पडतो आणि सर्वांची बेरीज होऊन विभवांतर मिळते. चार बिटांपर्यंत हा प्रयोग सुरेख जमतो. सोळा बिटांना काय होईल, याचा हिशेब करा. सर्वांत वरच्या बिटाचा वाटा ३२,७६८ पायऱ्यांचा असतो. त्यात एका पायरीहून कमी चूक हवी असेल, तर रोधक सुमारे ०.००३ टक्क्यांपर्यंत अचूक हवेत. आपल्या प्रयोगशाळेतल्या सोनेरी पट्ट्याच्या रोधकांत ५ टक्के फरक चालतो!

तेव्हा १९८२ साली डॅक बनवणे खरोखर अवघड होते. फिलिप्स कंपनीने आपल्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटांचाच डॅक वापरला, पण तो चौपट वेगाने चालवला. वेग वाढवून अचूकतेची उणीव भरून काढण्याची ही युक्ती होती. तीच पुढे नेली की डेल्टा-सिग्मा पद्धत मिळते. तिचे वर्णन जपानी अभियंते इनोसे, यासुदा व मुराकामी यांनी १९६२ सालीच केले होते. अगदी थोड्या पायऱ्या घ्यायच्या, पण त्यांच्यात सेकंदाला लाखो वेळा अदलाबदल करायची. एलईडी दिवा अतिशय वेगाने बंद-चालू केला, तर तो मंद किंवा प्रखर भासतो, त्यातलाच हा प्रकार. सरासरी अचूक मिळते आणि अचूक रोधकांची गरज फारशी उरत नाही. आज बहुतेक डॅक याच पद्धतीचे असतात. त्यांची चिप इतकी स्वस्त झाली आहे की मोबाइलला इअरफोन जोडण्याच्या बोटभर अडॅप्टरमध्येही ती असते.

अशा चांगल्या अडॅप्टरमधली खरखर व विरूपण मिळून मूळ आवाजाच्या एक लाखांशाच्या आसपास भरते. डेसिबेलच्या भाषेत हे झाले १०० डेसिबेल खाली. आता घरातली परिस्थिती पाहा. छतावरचा पंखा चालू असलेल्या खोलीत ४० डेसिबेलच्या आसपास आवाज सहज असतो. गाण्यातला मोठ्यातला मोठा ठोका १०० डेसिबेलचा धरला, तरी ऐकण्यासारखा पल्ला ६० डेसिबेलचा झाला. सीडीच्या १६ बिटांचा पल्ला ९६ डेसिबेलचा आहे. म्हणजे डॅकची खरखर पंख्याच्या आवाजाखाली खोल गाडली जाते.

मग २४ बिटांचे काय? त्यात १,६७,७७,२१६ पायऱ्या होतात. डॅकमधून २ व्होल्टचा पूर्ण संकेत निघत असेल, तर एक पायरी सुमारे एक-तृतीयांश मायक्रोव्होल्टची पडते. परंतु कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हालत असतात व त्यामुळे रोधकातच सूक्ष्म खरखर निर्माण होते. जॉन्सन यांनी ती मोजली आणि वर आलेल्या नायक्विस्ट यांनीच तिचा हिशेब मांडला. दोघांचेही निबंध १९२८ सालचे. श्राव्य पट्ट्यात १,००० ओहमच्या एका साध्या रोधकाची ही खरखर ०.६ मायक्रोव्होल्टच्या जवळपास येते. म्हणजे चोविसाव्या बिटाची पायरी एका रोधकाच्या खरखरीहून लहान आहे. ध्वनिमुद्रण करताना व आवाज अंकीय पद्धतीने कमीजास्त करताना जादा बिटांचा उपयोग होतो. १६ बिटांचे गाणे २४ बिटांच्या डॅकवर ४८ डेसिबेलपर्यंत लहान केले, तरी त्यातले काही हरवत नाही. पण त्यामुळे ऐकताना पडदा दूर होतो, हे काही खरे नव्हे.

माझी फजिती

हे सारे गणित मला येत होते. वर्गात मी ते शिकवतही होतो. तरीही एका दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबून मी ४०,००० रुपयांचा डॅक घरी आणला. आणल्या दिवशी गाणे लावले आणि मला खरोखरच फरक ऐकू आला! तानपुऱ्याची तार वेगळी उमटत होती, गायकाचा श्वास कळत होता. आठवडाभर मी भेटेल त्याला हे सांगत होतो.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही न बघता ओळखाल?"

हजार रुपयांचे अडॅप्टर आणि नवा डॅक आम्ही ॲम्प्लिफायरच्या दोन वेगळ्या जागी जोडले. दोन्हींचा आवाज कानाने अंदाजे सारखा केला. मी पाठ करून बसलो. ती नाणे उडवी, छाप की काटा ते वहीत लिही, त्याप्रमाणे एक उपकरण निवडी आणि गाण्याचा तोच वीस सेकंदांचा तुकडा सुरुवातीपासून लावी. मी उत्तर देई. सोळांपैकी पंधरा उत्तरे बरोबर आली. मी जिंकलो होतो.

पण मुलीचे समाधान झाले नाही. "दोन्हींचा आवाज अगदी सारखा आहे का? कानाने नको, मीटरने बघू."

दुसऱ्या दिवशी कॉलेजमधून चांगला मल्टिमीटर आणला. २०० हर्ट्झचा एक सलग स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर विभवांतर मोजले. अडॅप्टरचे २.० व्होल्ट, नव्या डॅकचे २.३. फरक सुमारे १.२ डेसिबेलचा. इतका फरक 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'चांगला आवाज' म्हणून कळतो. कानाची ही जुनी खोड आहे. संगणकावरून आम्ही दोन्ही विभवांतरे एक टक्क्याच्या आत सारखी केली आणि पुन्हा सोळा फेऱ्या घेतल्या. या वेळी माझी नऊ उत्तरे बरोबर आली. नुसता नाणेफेकीवर भरवसा ठेवला असता, तर आठ आली असती.

त्या रात्री मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे वाईट वाटले. 'हवे ते वाचन वहीत लिहू नका, आले ते लिहा,' असे मी प्रयोगशाळेत मुलांना वर्षानुवर्षे बजावत आलो. आणि किंमत डोळ्यांसमोर असताना मी स्वतःच हवे ते वाचन घेत होतो.

माझे एकट्याचे कान म्हणजे पुरावा नव्हे. २००७ साली मेयर व मोरान या दोघांनी अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशाच चाचण्या प्रसिद्ध केल्या. अधिक बिटांचे ध्वनिमुद्रण सरळ ऐकवले आणि तेच सीडीच्या १६ बिटांतून गाळूनही ऐकवले. ५५४ फेऱ्यांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची, १२,५०० हून अधिक फेऱ्यांची, एकत्र छाननी केली. तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि प्रशिक्षित श्रोत्यांचे त्याहून अधिक. म्हणजे फरक असलाच तर इतका बारीक आहे. 'पडदा दूर झाला' असे म्हणणाऱ्याला शंभरांतली ५२ उत्तरे शोभत नाहीत.

आणि प्रीॲम्प?

प्रीॲम्प म्हणजे पूर्वविवर्धक. तबकडीच्या काळात तो अत्यावश्यक होता. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट मिळतात. शिवाय तबकडीवर खर्जाचे स्वर मुद्दाम दबलेले व टिपेचे स्वर उचललेले असतात. १९५४ साली अमेरिकेत ठरलेले हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. हा तोल पूर्ववत करणे व संकेत शंभरेक पटींनी वाढवणे, हे प्रीॲम्पचे काम. आजही ज्यांच्याकडे तबकड्या आहेत, त्यांना तो लागतोच.

डॅकचे तसे नाही. दहावीच्या पुस्तकातले सूत्र घ्या : शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट द्यायचे, तर २० व्होल्ट लागतात. ॲम्प्लिफायर संकेत २० पट वाढवत असेल, तर त्याला फक्त १ व्होल्ट पुरतो. बहुतेक डॅक २ व्होल्ट देतात! गरजेच्या दुप्पट आधीच हातात आहे. मध्ये आणखी वाढवणारी पेटी बसवली, की आवाजाचे बटण पहिल्या थोड्याशा वळणातच वापरावे लागते. साध्या बटणाचा डावा व उजवा भाग तेथेच सर्वांत विषम असतो. म्हणजे २५,००० रुपये देऊन आवाज एका बाजूला कलंडतो. आवाज कमीजास्त करण्याची सोय तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा डॅकमध्ये असेल, तर वेगळा प्रीॲम्प घेऊ नये. तबकड्या असतील, अनेक उपकरणे जोडायची असतील किंवा ॲम्प्लिफायरला बटणच नसेल, तर जरूर घ्यावा.

निवडताना विचारायचे प्रश्न

माझ्या मते डॅक व प्रीॲम्प घेताना चारच प्रश्न पुरेत.

१. तो किती व्होल्ट देतो, आणि तुमच्या ॲम्प्लिफायरला किती हवेत?

२. पुढच्या उपकरणाचा प्रवेश-रोध मागच्याच्या निर्गम-रोधाच्या निदान दहापट आहे का? मागचा १०० ओहम व पुढचा १०,००० ओहम असेल, तर जेमतेम एक टक्का विभवांतर वाया जाते. दोन्ही सारखे असतील, तर निम्मे जाते.

३. खरखर व विरूपण मिळून संकेताच्या ९५ ते १०० डेसिबेल खाली आहेत का? असतील, तर पुढच्या आकड्यांसाठी पैसे मोजू नयेत.

४. तुम्हाला लागणाऱ्या जोडण्या त्यात आहेत का? ऑप्टिकल जोडणी, दूरनियंत्रक, हाताला बरे वाटणारे बटण यांसाठी पैसे दिले तर त्यात लाज नाही. ती सोय आहे, ध्वनीची जादू नव्हे.

चौथ्या प्रश्नाचे महत्त्व मला घरीच कळले. लॅपटॉप चार्जरला लावला, की स्पीकरमधून घूं असा आवाज येई. चार्जर काढला, की बंद होई. अर्थिंगची तार दोन वाटांनी जोडली जाऊन वळसा तयार झाला होता, आणि त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह संकेतात मिसळत होता. मी डॅकला ऑप्टिकल केबल जोडली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. वळसा तुटला, घूं थांबली. एक सूचना : या त्रासापायी कोणीही प्लगची अर्थिंगची पिन काढू नये. ती जीव वाचवण्यासाठी असते. आणि पाहा, खरा दोष ओळखायला सोळा फेऱ्या लागल्या नाहीत. तो आजीलाही दुसऱ्या खोलीतून ऐकू येत होता.

पैसे कोठे घालावेत?

स्पीकरवर आणि खोलीवर. खर्जाच्या स्वरांत स्पीकरचे विरूपण एक टक्का असणे नवलाचे नाही. डॅकच्या हजारपट झाले हे! खोलीचा गुण तर त्याहून मोठा. बारा फुटी खोलीच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झची स्थिर लहर उभी राहते. एका जागी तो स्वर घुमतो, दुसऱ्या जागी नाहीसा होतो. दहा डेसिबेलचा चढउतार सहज होतो. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढून पाहा. समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगून टाळीचा नाद ऐका. गोधडीने खर्ज शमणार नाही, पण खणखणाट कमी होईल. यातले काहीही करायला दुकानात जावे लागत नाही.

'आकड्यांत संगीत मावत नाही' असे कोणी म्हणेल. ते मला मान्य आहे. एखादी बंदिश मनाला का भिडते, हे मल्टिमीटर सांगणार नाही. पण मधल्या पेटीने त्या बंदिशीत काही घातले की काढले, हे तो नक्की सांगतो. आपला प्रश्न तेवढाच आहे. आणि ज्याला महाग वस्तूचा आनंद घ्यायचा असेल, त्याने स्वतःच्या कमाईतून तो जरूर घ्यावा. शिष्यवृत्तीचे पैसे मात्र आधी डोळे मिटून ऐकल्याशिवाय खर्च होऊ नयेत.

शिक्षकांना विनंती अशी की हा प्रयोग शाळेत जरूर करून घ्यावा. दोन साधने, एक मल्टिमीटर, एक नाणे व एक वही पुरते. विभवांतरे एक टक्क्याच्या आत सारखी करा. सोळा फेऱ्या घ्या. बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता नुसत्या नशिबाने शंभरांत चारांहूनही कमी आहे. तेव्हा बारांच्या वर गेलात, तर पुन्हा एकदा घ्या. पुन्हाही गेलात, तर फरक खरा माना व त्याचे कारण शोधा. हरलात, तर तेही वहीत लिहा.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले आणि मल्टिमीटर नेऊ दिला. पंधरा दिवसांनी तो परत आला. स्पीकरचा कोन त्याने काहीशे रुपयांत बदलून घेतला होता. चाचणीसाठी एका ओळखीच्याकडून डॅक मागून आणला होता. सोळांपैकी सात उत्तरे बरोबर आली होती. "सर, सात म्हणजे नापास ना?" त्याने विचारले. वहीत त्याने सातच लिहिले होते, खाडाखोड न करता. मी त्या पानावर 'उत्तम' असा शेरा दिला.